समोर थांबा

माझ्या मुलीच्या साक्षगंधाच्या दिवशी सकाळी मी तिच्या होणाऱ्या सासऱ्यांना गिरडच्या जंगलात घेऊन गेलो आणि त्यांना तिथेच ठेवून बाहेर आलो. आमच्या नात्यात ही गोष्ट आता सगळ्यांना पाठ आहे. लग्नाच्या पंगतीत निघते, बारशाला निघते. सांगणारा प्रत्येक जण ती त्यांच्या बाजूने सांगतो. माझी बाजू कोणी विचारली नाही, म्हणून ती इथे लिहितो.

गिरडच्या मागचं जंगल मला नवं नव्हतं. नव्वदच्या आसपास मी त्या भागातल्या खेड्यांमधून चारोळी आणि डिंक विकत घेऊन वर्ध्याला आणत असे. सायकलवर पोतं, पोत्यावर तराजू. पुढे नळाच्या पायपांचं दुकान टाकलं. वर्ध्यालगत पिपरी मेघेला सगळीकडे तुरीची शेतं होती तेव्हा तिथे प्लॉट घेतला, मग घर बांधलं. मला कोणी काही दिलं नाही. जे घेतलं ते भाव करून घेतलं. भाव करताना माझा आवाज चढतो, मी उठून चालायला लागतो, दारातून परत येतो. लोक मला तापट म्हणतात. पण त्या तापटपणात एक हिशोब असतो, आणि ज्याच्याशी भाव चालला आहे त्यालाही तो कळत असतो. अशाने माणसाची ओळख होते.

मुलीच्या सासऱ्यांशी माझी अशी ओळख झालीच नाही. मुलगी पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत होती, मुलगा तिनेच पसंत केला. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. बैठकीसाठी मी पुण्याला गेलो, दोन रात्री आधीपासून काय बोलायचं ते मनात मांडून. ते म्हणाले, "आम्हाला काहीही नको. तारीख तुम्ही सांगाल ती, जेवण तुम्ही ठरवाल ते." मी म्हटलं, "असं कसं? काहीतरी त बोला." ते हसले आणि मला चहा दिला. बैठक संपली. ज्याला काहीच नको असतं त्याच्याशी काय बोलायचं, हे मला कळत नाही. परतीच्या गाडीत मला सारखं वाटत होतं की मी कुठेतरी फसलो आहे, पण कुठे ते सापडेना.

साक्षगंधाला ते, त्यांची बायको आणि मुलगा आदल्या दिवशी आले. ते साखरपुडा म्हणत, मी साक्षगंध म्हणून दुरुस्त करी, ते "तेच हो" म्हणत. बँकेतून निवृत्त झालेले, अंगाने काटक, दर रविवारी किल्ला चढणारे. पायात पांढरे बूट आणि गळ्यात दोरीला अडकवलेली शिट्टी. सकाळी पोह्यांवर झणझणीत रश्श्याची तर्री वाढताना मी त्यांना झोप लागली का विचारलं.

"झोप उत्तम," ते म्हणाले. "फक्त तुमच्याकडे सगळं सपाट आहे हो. मला आठवड्यातून एकदा चढ लागतो, नाहीतर पाय कुरकुरतात."

"सपाट कोन म्हनते?" मी म्हटलं. "गिरड पाह्यलं का तुम्ही?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं नाही.

निघताना मुलीने मला मागच्या दारी गाठलं. अंगणात मांडववाले बांबू उभे करत होते.

"बाबा, संध्याकाळी माणसं येऊन राह्यली. आजच काऊन जाता?"

"जेवाच्या टायमाले वापस येतो. त्याईलेच जायचं आहे, मी काय करू?"

"मग भांडू नका त्यांच्याशी. काही बोलले तरी भांडू नका. मले हे लग्न पाहिजे, बाबा."

पुण्याला गेल्यापासून ती 'मला' म्हणत असे. त्या दिवशी 'मले' म्हणाली. मी म्हटलं, "नाई भांडत." आणि मी भांडलो नाही, दिवेलागणीपर्यंत.

गाडी माझ्या साळ्याची होती, चालवतही तोच होता. जामवरून समुद्रपूर, मग गिरड. मार्च संपत आला होता आणि सकाळीच काचा तापल्या होत्या. टेकडीच्या पायऱ्या चढून दर्ग्यापाशी गेलो. तिथे आजूबाजूला सुपारीसारखे गोल गोटे सापडतात, येणारे-जाणारे वेचून नेतात. साळ्याने त्याची कथा सांगितली, की एक व्यापारी दर्ग्यातल्या बाबांशी खोटं बोलला आणि त्याचा सगळा माल गोटे होऊन गेला.

"भाऊजी, तुम्ही जरा जपूनच बोलजा इथं," तो म्हणाला. "दुकानात पायपा आहेत."

सासरे मोठ्याने हसले. मीही हसलो. मग ते म्हणाले, "छान आहे, पण ह्या पायऱ्या झाल्या. चढ कुठे आहे?" त्यांनी मागच्या जंगलाकडे हात केला, जिथे डोंगराची एक लांब धार दिसत होती. "तिकडे जाता येतं का?"

"येते न. हे जंगल मी सायकलनं फिरलो आहे."

साळा म्हणाला, "तुम्ही जा बापा. मी गाडीपाशी पडतो."

त्यांची बाटली पायऱ्यांवरच संपली होती. मी गाडीतली छागल घेतली, कॅनव्हासची, भरलेली. ती मीच खांद्याला लावली, कारण पाहुण्याने पाणी वाहायचं नसतं.

जंगलात सावली नव्हती. सागाची पानं सगळी खाली आली होती आणि त्यांच्याखाली वाट गेली होती. दर पावलाला पापड मोडल्यासारखा आवाज. मधल्या वर्षांत जंगल खात्याने चर खोदले होते, जुन्या खुणा सापडत नव्हत्या, पण दिशा मला माहीत होती. ते पुढे, मी मागे. चालता चालता ते मला पाय कसा टाकायचा ते शिकवत होते. आधी टाच, मग चवडा. श्वास नाकाने. मी नाकाने श्वास घेत होतो आणि गप्प होतो.

ऊन वर आलं तसं मी म्हटलं, "आता वापस फिरू."

"अहो, धार तर ही काय!"

"मंग त्या मोहापर्यंत जाऊ अन् फिरू."

"मोहापाशी काय दिसणार? धारेपर्यंत."

"धार नाई जमत. लोक येतीन घरी. लय झालं त नाल्यापर्यंत."

ते थांबले, टोपी काढून घाम पुसला. "नाल्यापर्यंत? बरं. पण नाल्यात उतरायचं."

"उतरू. पन तिथून एक पाऊल समोर नाई."

"कबूल," ते म्हणाले आणि हात पुढे केला. मी तो हातात घेतला. त्या माणसाशी माझा हा पहिला सौदा. ओढलं, सोडलं, मध्यावर आलो. खरं सांगतो, त्या वेळी ते मला आवडले. वाटलं, चला, माणूस भाव करणारा आहे, मुलीचं निभेल.

नाला कोरडा होता. वाट त्याच्या काठाकाठाने धारेकडे वळत होती, आणि पलीकडच्या काठावर एक मोठा काळा खडक होता. तिथे पोचलो आणि माझ्या पोटात कळ आली. तर्री सकाळपासूनच गडबड करत होती. साक्षगंधाच्या दिवशी मुलीच्या सासऱ्याला हे काय सांगायचं? मी एवढंच म्हटलं, "तुम्ही समोर थांबा, मी आलोच." आणि रायमुनियाच्या झुडपांमागे गेलो. छागल माझ्याजवळच होती. ती लागणारच होती.

परत आलो तर काठावर कोणी नव्हतं. बरोबरच होतं, मी त्यांना समोर थांबायला सांगितलं होतं. म्हणून मी वाटेने निघालो. पहिल्या वळणावर नव्हते, दुसऱ्याही वळणावर नव्हते. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि काय म्हणून हाक मारायची ते सुचेना. नावाने मारता येत नाही. व्याही म्हणावं तर साक्षगंध व्हायचं होतं. शेवटी "ओ पाव्हणे!" म्हणून ओरडलो. मागून कुठूनतरी बारीक शिट्टी आली. गुराखी असेल असं मी धरलं. पाव्हणे पुढे होते, शिट्टी मागून येत होती, तेव्हा ती त्यांची असायचं कारण नव्हतं.

मग माझं डोकं फिरलं. सौदा नाल्यापर्यंतचा होता, हात मिळवून झाला होता, आणि हे गृहस्थ तो मोडून धारेवर निघून गेले होते. मी झपाझप चढलो, टाच आणि चवडा विसरून. धारेवर कोणी नव्हतं. पलीकडच्या उतारावर एक बाई मोहाची फुलं वेचत होती, टोपली अर्धी भरलेली.

"बाई, पांढऱ्या बुटाचा मानूस गेला का इकडून?"

"गेला असंन बाप्पा. मी खाली पाहून वेचून राह्यली. कोन पाह्यते बुटं?"

"म्हंजे गेला?"

"तुमाले गेला पाह्यजे त गेला समजा."

मी गेला समजलो. उतरून रस्त्याला लागलो, एका ट्रॅक्टरवर बसून गिरडला आलो. वाटभर मी मनात त्यांच्याशी भांडत होतो आणि प्रत्येक वेळी जिंकत होतो. गाडीपाशी साळा एकटाच होता. मला पाहून तो उठून बसला आणि माझ्या मागे बघू लागला.

"भाऊजी, व्याही कुठं आहेत?"

तेव्हा राग उतरला. उतरला म्हणजे, दिवा जावा तसा गेला. हात-पाय माझेच होते, चालत होते. एसटीडी बूथवर जाऊन मी घरी फोन लावला. बायको म्हणाली, "अवो, मांडव झाला, लोक यायला लागतीन. तुम्ही हाय कुठं?" मी सांगितलं. मग तिने पोरीला बोलावलं, आणि पोरीने ऐकून फोन ठेवला.

जंगल खात्याचा एक माणूस आणि दर्ग्यापाशी बसणारे चार-दोन जण घेऊन आम्ही पुन्हा आत गेलो. उन्हं कलली होती. ते कुठे सापडले? नाल्याच्या पलीकडच्या काठावर, त्या काळ्या खडकाशी, आम्ही उभे होतो त्या जागेच्या अगदी तोंडापुढे. खडकाची सावली केव्हाच सरकून गेली होती. ते अर्धवट आडवे होते, शिट्टी ओठात होती, ओठ फाटले होते. आम्ही पाणी पाजलं तर अर्धं बाहेर आलं. माझ्याकडे बघून ते काहीतरी म्हणाले, ते कळलं नाही. घोंगडीत घालून त्यांना बाहेर आणलं आणि समुद्रपूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं आहे, आणखी उशीर झाला असता तर बोलून फायदा नव्हता. सलाईन लावलं.

दिवेलागणीला मुलगा, त्याची आई आणि माझी मुलगी जीप करून आले. मुलीच्या अंगावर साक्षगंधाची साडी होती. मुलगा सरळ वडिलांपाशी गेला. त्याची आई माझ्याकडे न बघता त्याच्या मागोमाग गेली.

सलाईनची बाटली निम्मी झाल्यावर सासऱ्यांना आवाज फुटला.

"मी समोरच थांबलो होतो," ते म्हणाले.

"समोर कुठं होते? मी धारेपर्यंत पाहून आलो."

"धारेपर्यंत कशाला? समोर म्हणालात ना तुम्ही? समोर खडक होता. मी तिथे बसलो."

"समोर म्हंजे समोर! खडक त बाजूले होता!"

"अहो, बाजूला काय? नाक करून उभं राहिलं की समोर!"

"मंग वाट कशाले असते? मानूस समोर म्हनला त वाटेनं समोर जाईन का नाला ओलांडून जाईन?"

नर्स आली आणि आम्हाला दोघांनाही गप्प केलं. मुलगी पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. ती दोघांकडे आळीपाळीने बघत होती, आणि मी तिच्या तोंडावरून ओळखलं की तिला कळलं आहे. चार वर्षं पुण्यात राहिली होती ती.

"बाबा," ती म्हणाली, "तिकडं समोर म्हणजे असं, तोंडापुढे. आपल्याकडं समोर म्हणजे पुढे. काका, बाबा तुम्हाला वाटेने पुढे जाऊन थांबा म्हणत होते."

मुलाला हसू आलं, त्याने ते दाबलं. सासरेही हसतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "असेल. पण मी शिट्टी वाजवत होतो. एकदा मागे वळून बघायला काय झालं होतं तुम्हाला? आणि पाणी घेऊन गेलात."

पाणी का नेलं ते मी इतक्या जणांत कसं सांगणार? मी म्हणालो, "पोरगी देऊन राह्यलो मी तुमाले. तुमची राखन नाई घेतली."

मुलाच्या आईने पिशवी उचलली. म्हणाली, "चला, ह्यांना सोडलं की आपण रात्रीच्या गाडीने निघू. बाकीचं नंतर बघू." आमच्या धंद्यातही असं बोलतात. नंतर बघू म्हणणारा परत येत नाही.

मुलीने मला व्हरांड्यात नेलं.

"बाबा, आत जाऊन एवढंच म्हणा, चुकलं माझं. एवढंच."

"काय चुकलं? वर्ध्यात कोनालेई विचार, समोर म्हंजे काय."

"मला माहीत आहे. तरी म्हणा."

"त्याईनं बी म्हनावं. त्याईनं म्हटलं त मी म्हनतो. अर्धं अर्धं."

"बाबा, ते झोपले आहेत सलाईन लावून."

"मंग आधी त्याईनं म्हनावं, मी मागून म्हनतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या कपाळावरची टिकली घामाने खाली सरकली होती. मला वाटत होतं की ती आणखी काहीतरी बोलेल, मग मी थोडा खाली येईन, मग ती थोडी, आणि आम्ही कुठेतरी पोचू. मी यायला तयार होतो. ती वळली आणि आत गेली. दार लोटलेलं होतं, सगळं ऐकू येत होतं.

"काका, बाबांच्या वतीने मी म्हणते. चुकलं आमचं. बाबांनाही वाईट वाटतंय, ते बाहेर उभे आहेत, त्यांना बोलता येत नाहीये."

माझ्या नावाने आजपर्यंत कोणी शब्द दिला नव्हता. दुकानात बायकोनेही नाही. आत जाऊन सांगावं की मला बोलता येतं आणि मला काही वाईट वाटत नाही, असं मनात आलं. मी रागाची वाट पाहिली. मला त्याची सवय आहे, कानाच्या पाळीपासून सुरू होतो. काहीच आलं नाही. आतून सासऱ्यांचा आवाज आला, "अगं, रडतेस कशाला? झालं ते झालं." मग मुलाची आईही काही बोलली, हळू, आणि पिशवी परत खाली ठेवल्याचा आवाज आला. लग्न वाचलं होतं. मी व्हरांड्याच्या कठड्याला टेकून उभा होतो. बाहेर साळा गाडीची मागची सीट पाणी टाकून धूत होता, ते बघत राहिलो.

साक्षगंध दोन दिवसांनी झालं, घरातल्या घरात, थोड्या माणसांत. मांडव तोपर्यंत उतरवला होता. सासरे भिंतीला उशी लावून बसले होते आणि माझ्याशी इतके चांगले वागले की मला कुठे बघावं कळेना. स्वतः उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आले. आल्या-गेल्याला गोष्ट सांगायला त्यांनी तेव्हाच सुरुवात केली. "मी समोर, हे समोर!" लोक पोट धरून हसायचे. त्यात दुष्टावा नव्हता. शेवटी ते म्हणायचे, "पण मोठ्या मनाने माफी मागितली हो ह्यांनी." तिथे मी पान लावायला घेत असे.

पुढे कित्येक दिवस मी दुकानात येणाऱ्याला काही ना काही निमित्ताने "समोर थांबा" म्हणून पाहिलं. प्रत्येक जण दुकान ओलांडून पुढे गेला आणि तिथे थांबला. एक जणही तोंडापुढे उभा राहिला नाही. मी ते कोणाला सांगितलं नाही. सांगून काय? माफी तर मागून झाली होती.

दिवाळीनंतर लग्न वर्ध्यातच झालं. मी सगळं केलं, कुठे कमी ठेवलं नाही. निरोपाच्या वेळी मुलगी आईच्या गळ्यात पडून रडली, मामाच्या गळ्यात पडून रडली, मग माझ्यापाशी आली. तिने माझे दोन्ही हात धरले.

"बाबा, राग गेला न तुमचा?"

"हो," मी म्हणालो.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग तिने डोळे पुसले. "मला वाटलंच होतं जाईल म्हणून," ती म्हणाली, आणि हलक्या मनाने गाडीत जाऊन बसली. तिला काय वाटत होतं ते मला दिसत होतं. राग जायला त्या व्हरांड्यात मुळात आलाच नव्हता, हे तिथे लोकांत उभं राहून मी तिला काय सांगणार? गाडी सुरू झाली. बाजूच्या बायका मला म्हणाल्या, रडा, मोकळे व्हा. मी म्हटलं, "हो, रडतो." आणि गाडी वळेपर्यंत हात वर करून उभा राहिलो.